तुमचं वाक्य जॉबकार्डवर उतरलं का?

मागच्या अंकात हाफ क्लचबद्दल, म्हणजे क्लच अर्धवट धरून गाडी चालवण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि या वेळी टपालात एसयूव्हीच्या गिअरबॉक्सचीच पत्रं जास्त निघाली. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला निम्म्याहून जास्त जागा दिली आहे, कारण त्यातलं दुखणं नाशिकला अंबडच्या माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये सारखं येतं आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. गाड्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. गिअरबॉक्सचे हे प्रकार बऱ्याच कंपन्या वापरतात, आणि एका पत्रावरून एखाद्या गाडीवर शिक्का मारणं मला पटत नाही.

प्रश्न : नमस्कार सर. आमची पेट्रोल टर्बो एसयूव्ही आहे, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. मार्च २०२२ मध्ये घेतली, ४१,००० किलोमीटर झालेत. वॉरंटी तीन वर्षांची होती. ती संपण्याच्या वर्षभर आधीपासून, संध्याकाळी द्वारकेच्या गर्दीत गाडी हळूहळू सरकत असताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना हिसका बसतो. सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना थरथरते. एका रविवारी सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीच्या घाटात एसटीच्या मागे अडकलो, तर स्क्रीनवर ‘ट्रान्समिशन गरम झालं आहे, गाडी थांबवा’ असं आलं. तीनदा सर्व्हिसला दिली, त्यातल्या दोन फेऱ्या वॉरंटीतल्या. तिन्ही वेळा कागदावर ‘तक्रार आढळली नाही’. चौथ्या वेळी थेट सांगितलं की क्लचची पूर्ण असेंब्ली बदला, एक लाख वीस हजार लागतील. तिथला मुलगा माझ्या देखत मिस्टरांना म्हणाला, ‘मॅडमना ऑटोमॅटिकची सवय नसेल.’ मी एक वही ठेवली आहे, तिच्या दोन पानांचा फोटो पाठवते. पैसे भरावेत का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, पैसे अजून भरू नका.

ती दोन पानं मी तीनदा वाचली. किराण्याच्या हिशोबाची वही दिसते, समासात साखर-तेलाचे आकडे आहेत आणि मध्ये तुमच्या अक्षरात : ‘११ नोव्हें. सायं. ६.४०, द्वारका ते मुंबई नाका, २५ मिनिटं, एसी चालू, १ ते २ तीन हिसके.’ खाली, ‘१२ नोव्हें. सकाळी ७.१५, कॉलेज रोड, काही नाही.’ मग, ‘घरी आल्यावर रॅम्प, रिव्हर्स, थरथर.’ आणि दुसऱ्या पानाच्या तळाला, जणू सहज आठवलं म्हणून लिहिल्यासारखं : ‘निघताना पहिल्यात एकदम छान निघते. ३ ते ४ ला किंचित.’

त्या शेवटच्या ओळीने माझं अर्धं काम केलं. तुमच्या गाडीतल्या या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये क्लच दोन असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. पहिल्यात गाडी चालत असताना बॉक्स दुसरा गिअर आधीच लावून ठेवतो, आणि बदलायच्या क्षणी एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. आता तुमची वही बघा. त्रास कुठे आहे? दुसऱ्याला जाताना, चौथ्याला जाताना, रिव्हर्सला. सगळे एकाच क्लचचे गिअर. पहिल्यात ‘एकदम छान’ निघते, म्हणजे विषम गिअरचा क्लच धडधाकट आहे. स्कॅनर न लावता, गाडी जॅकवर न घेता तुम्ही सांगितलंत की दुखणं सम गिअरच्या क्लचमध्ये किंवा त्याला ढकलणाऱ्या यंत्रणेत आहे. ज्यांना ऑटोमॅटिकची सवय नाही, त्यांना हे लिहिता येत नाही. त्या मुलाचं बोलणं मनावर घेऊ नका, आणि मिस्टरांनाही हा परिच्छेद वाचायला द्या.

सकाळी काही होत नाही आणि संध्याकाळी होतं, याचंही कारण पानावरच आहे. तुमच्या गाडीचे क्लच कोरडे आहेत, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत. साध्या गाडीच्या क्लचप्लेटसारखेच, फक्त पाय तुमचा नसून कॉम्प्युटरचा. रांगत्या गर्दीत कॉम्प्युटर पंचवीस मिनिटं हाफ क्लचवर गाडी चालवतो. प्लेट तापते, तापलेल्या प्लेटची पकड बदलते, कुठे धरायला सुरुवात करायची हा बिंदू सरकतो. कॉम्प्युटर जुन्या बिंदूवर भरवसा ठेवून दाब देतो आणि गाडी आचका देते. नांदुरीच्या घाटातही तेच, फक्त चढ असल्याने ताप जास्त.

आता सर्व्हिसच्या तीन फेऱ्या आठवा. गाडी सकाळी दहाला जमा केलीत. ती दुपारपर्यंत सावलीत उभी. मग कोणीतरी गेटबाहेर मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारली, आणि लिहिलं ‘आढळली नाही’. थंड क्लचला आढळणार काय? त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. चुकीच्या वेळी बघितलं असं म्हणतो. पण त्या तीन शब्दांनी तुमचं वॉरंटीतलं वर्ष गेलं, आणि हे मला फार लागतं.

मी १९८९ मध्ये द्वारकेला ट्रकच्या गॅरेजात लागलो, सतरा वर्षांचा होतो. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, गाडी चढाला गुणगुणते. आम्ही पोरं पाने घेऊन खाली शिरायला निघालो, उस्तादांनी थांबवलं. म्हणाले, ‘आधी त्याला बोलू दे.’ भरलेली की रिकामी, कुठल्या गिअरला, रेस सोडल्यावर आवाज थांबतो का, सगळं विचारलं. मग ड्रायव्हरशेजारी बसून सिन्नरच्या वाटेला मोहदरी घाट चढून आले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरच्या दांड्याच्या बुडाशी टेकवलेलं आणि मूठ कानाला लावलेली. परत येऊन एवढंच सांगितलं : काउंटर शाफ्टचं मागचं बेअरिंग. बॉक्स उतरवला तर त्याच बेअरिंगच्या कड्यावर मसुराच्या दाण्याएवढे खड्डे. आज माझ्या बाकावर स्कॅनर आहे, त्यात क्लचचं तापमान दिसतं, दाब दिसतो. तरी गाडी आली की मी आधी खुर्ची पुढे करतो आणि चालवणाऱ्याला बोलू देतो.

मालकाच्या बोलण्याला किंमत असते, याचा मोठा दाखला जगात होऊन गेला आहे. चीनमध्ये फोक्सवॅगनच्या अशाच सात गिअरच्या कोरड्या ड्युअल क्लच बॉक्सबद्दल मालक तक्रारी करत होते. १५ मार्च २०१३ ला, ग्राहक हक्क दिनाच्या कार्यक्रमात, तिथल्या सरकारी टीव्हीने त्या तक्रारी दाखवल्या. काही दिवसांतच कंपनीने तिथे ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं त्या बॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायचं ठरलं. कारण काय निघालं? गरम, दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक असली की त्या ऑइलमुळे आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. गरम हवा, दमट हवा, तुंबलेले रस्ते. प्रयोगशाळेत जे निसटलं ते रोज गाडी चालवणाऱ्यांना कळलं होतं. तुमच्या गाडीत हेच आहे असा याचा अर्थ नाही. सांगायचं एवढंच की तुमची वही किरकोळ नाही.

आता काय करायचं. या वेळी गाडी संध्याकाळी न्या, गर्दीतून तापवूनच. जमत असेल तर फोरमनला म्हणा, सहा वाजता माझ्याबरोबर द्वारकेपर्यंत चला. न येण्याचं कारण नाही, तो त्याच्या कामाचा भाग आहे. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना भरतात त्या कागदावर, ‘ग्राहकाची तक्रार’ असा रकाना असतो. तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर ‘गिअर जर्क’ असे दोन शब्द टाकून मोकळा होतो. त्याला थांबवा, आणि तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘वीस मिनिटांहून जास्त रांगत्या वाहतुकीनंतर १ ते २ ला हिसका, रिव्हर्सला चढावर थरथर, ३ ते ४ ला किंचित, थंड असताना नाही.’ सही त्याखाली करा, आधी नाही. कार्डाचा फोटो काढून ठेवा.

मग तीन गोष्टी याच क्रमाने विचारा. पहिली, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरसाठी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलंय का, आणि क्लचचं ॲडाप्टेशन, म्हणजे पकडीचा बिंदू पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया, केली का. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात. दुसरी, सम क्लचला ढकलणारा ॲक्च्युएटर गरम असताना तपासला का. तिसरी, आणि हे दोन्ही झाल्यावरच, प्लेट. असेंब्ली बदलायचीच ठरली तर जुनी तुमच्यासमोर ठेवायला सांगा. तापून खराब झालेल्या प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग असतात, मोराच्या गळ्यासारखे, आणि प्लेटचा पृष्ठभाग काचेसारखा चमकतो. हे दिसलं तर खर्च बरोबर आहे. प्लेट राखाडी, कोरडी, एकसारखी असेल, तर ती बदलून हिसका जाणार नाही आणि एक लाख वीस हजार जातील.

वॉरंटीचं. क्लच हा झिजणारा भाग म्हणून बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेला असतो, आणि तुम्हाला तेच ऐकवतील. पण ॲक्च्युएटर आणि कॉम्प्युटर झिजणारे भाग नव्हेत. आणि तक्रार वॉरंटीत नोंदवलेली आहे, दोन जॉबकार्डांच्या तारखा तुमच्याकडे आहेत. ती कार्डं आणि वहीच्या पानांची प्रत लावून कंपनीला ईमेलने लेखी पत्र पाठवा, फक्त डीलरला नको. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यानेही नाही भागलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच तक्रार देता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. म्हणून फार थांबू नका.

तोवर गाडी कशी चालवायची? पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, ही सवय या क्लचला मारते. पुढे एका गाडीची जागा होऊ द्या, ब्रेक पूर्ण दाबून थांबा, मग एकदम निघा. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या. चढावर ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ऑटो होल्ड असेल तर तो वापरा. घाटात मॅन्युअल मोडला टाकून पहिला किंवा दुसरा धरून ठेवा, म्हणजे बॉक्स एक-दोन, एक-दोन करत बसत नाही. पुन्हा तो इशारा आला, तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, पार्किंगला टाका, हँडब्रेक लावा. अशा बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बॉक्स गार होऊ द्यायचा असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्याचं पान आहे, ते गडावर जायच्या आधी एकदा वाचा.

आणि वही चालू ठेवा.

प्रश्न : राम राम. डिझेलची सात सीटर आहे, सहा गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख १२ हजार किलोमीटर. सीझनला मागची सीट पाडून द्राक्षाच्या पेट्या टाकतो, राहुड घाट कायमचा. दोन महिन्यांपासून ओझरच्या पुढे हायवेला ६०-७० ला हलक्या पायाने चालवली की रंबल स्ट्रिपवरून जातेय अशी खडखड थरथर होते. पाय दाबला की जाते. सर्व्हिसवाले म्हणतात, गिअर ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं. गावातला मेकॅनिक म्हणतो, टॉर्क कन्व्हर्टर गेला. कोणाचं ऐकू?
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, आज दोघांचंही नका ऐकू. एक साधी गोष्ट करून बघा. रस्ता रिकामा असताना, मागे कोणी नाही हे बघून, थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकच्या पायडलला डाव्या पायाने नुसता स्पर्श करा, गाडी अडवायची नाही. थरथर त्या क्षणी थांबली आणि ब्रेक सोडल्यावर पुन्हा आली, तर ती कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची आहे. ब्रेकचा दिवा लागला की कॉम्प्युटर तो क्लच सोडतो, म्हणून थांबते. काहीच फरक पडला नाही, तर आधी इंजिन, माउंटिंग आणि टायर बघायला लागतील. डावा पाय ब्रेकवर घ्यायची सवय नसते आणि एकट्याने ध्यान वाटलं जातं, म्हणून शेजारी कोणी बसवा आणि त्याला मोठ्याने सांगत जा.

लॉकअपचीच निघाली असं धरून चालतो, कारण तुमचं वर्णन तिकडेच बोट दाखवतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे जाते. एका वेगाला गेल्यावर डिझेल वाचावं म्हणून आतला एक क्लच दोन्ही बाजू एकत्र धरतो. नव्या गाड्यांत तो पूर्ण घट्ट न धरता जरासा घसरत ठेवतात, म्हणजे धक्का जाणवत नाही. हे घसरणं गुळगुळीत राहतं ते ऑइलमधल्या द्रव्यांमुळे. तापून तापून ती द्रव्यं संपली की क्लच धर-सोड करायला लागतो, आणि तीच तुमची रंबल स्ट्रिप. यात कन्व्हर्टर गेलेलाच असेल असं नाही. वेळेवर ऑइल बदलून थांबलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात. उशीर केला तर मात्र क्लचचा भुगा सगळ्या बॉक्समध्ये फिरतो, मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं.

‘लाइफटाइम’ या शब्दावर माझा मुळीच विश्वास नाही. मॅन्युअल मागून घ्या आणि त्यात ‘सिव्हिअर’ म्हणजे कठीण वापराचं वेळापत्रक शोधा. धूळ, डोंगर, जड माल, उष्णता. तुमची गाडी चारही रकान्यांत बसते, आणि अनेक गाड्यांच्या त्या पानावर ऑइल बदलण्याचे किलोमीटर छापलेले असतात. ते पान ॲडव्हायझरसमोर ठेवलं की वाद संपतो.

बदलताना तीन गोष्टी पाळा. ऑइल कंपनीने नंबर दिलाय तेच, ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असल्या डब्यातलं नाही. ड्रेन बोल्ट काढल्यावर साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून एकदा बदलून हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा बदला. खर्च वाढतो, पण कन्व्हर्टरपुढे तो काहीच नाही. मशीनने दाब देऊन फ्लश करायला सांगितलं तर तुमच्या इतक्या किलोमीटरला मी नको म्हणेन. आणि लेव्हल. आता बहुतेक गाड्यांना गिअर ऑइलची डिपस्टिक नसते. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला, अनेक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास, आल्यावर बाजूचा बोल्ट उघडून लेव्हल बघायची असते. हे न करता ‘जेवढं निघालं तेवढं भरलं’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका, कारण आधीच कमी असेल तर कमीच राहतं.

निघालेल्या ऑइलचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नवं ऑइल बहुधा लालसर असतं. तुमचं तपकिरी असेल, ते चालेल. काळं असेल, करपलेल्या डाळीसारखा वास येत असेल आणि बोटांत चोळल्यावर कण लागत असतील, तर कागद घडी घालून घेऊन या, पुढचं बघू. पेट्या खाली करून या म्हणजे गाडी लिफ्टवर घेता येईल.

प्रश्न : सिडकोत राहतो, पहिलीच गाडी घेतोय. जुनी छोटी एसयूव्ही आवडली आहे, एएमटी. ट्रायलला प्रत्येक गिअरला मान पुढे जाते. विकणारा म्हणतो नॉर्मल आहे. खरं का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : बऱ्याच अंशी खरं. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच एक क्लच, फक्त ते चालवायला मोटर किंवा हायड्रॉलिक हात बसवलेले. गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते, मान जाते. बदलायच्या वेळी पाय किंचित सैल केला की निम्मं कमी होतं.

पण जुनी ऑटोमॅटिक घेताना, एएमटी असो की दुसरी कुठलीही, गाडी सकाळी बघायला जा आणि सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा, राग आला तरी चालेल. थंड गाडी सुरू करून ब्रेक दाबून ठेवा आणि न्यूट्रलमधून ड्राइव्हला आणि रिव्हर्सला टाका. दोन सेकंदांहून जास्त वाट बघायला लावत असेल किंवा खाली ‘ठक्’ असा जोरात आवाज येत असेल, तर विचारा. मग चढावर घ्या, सपाटीवर नुसतं फिरवून काही कळत नाही. स्कॅनर लावायला माणूस नेणार असाल तर त्याला फक्त ‘कोड आहेत का’ असं विचारू नका. ‘रेडिनेस मॉनिटर पूर्ण आहेत का’ हे विचारा. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर हे मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसतात. अपूर्ण असतील, तर आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणावं. आणि सर्व्हिसची जुनी जॉबकार्डं मागा. पहिल्या पत्रातल्या ताईंसारख्या कोणी काय तक्रार केली होती, ते त्यातच असतं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७१. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की अधूनमधून इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी एकाच गिअरला अडकते, ४० च्या वर जात नाही. बंद करून पुन्हा सुरू केली की दोन-तीन दिवस ठीक चालते. स्कॅनवर पी०७०० असा कोड आला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं. गाडी आठवड्यातून दोनदाच निघते. बॅटरी चार वर्षांपूर्वीची आहे.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : काका, पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं.

पी०७०० हा रोगाचं नाव सांगणारा कोड नाही. इंजिनचा कॉम्प्युटर एवढंच म्हणतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, त्याला विचारा. खरी नोंद त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये असते आणि साध्या स्कॅनरला ती कित्येकदा दिसतच नाही. या एका कोडवर बॉक्स उतरवायला सांगणं म्हणजे दाराची बेल वाजली म्हणून भिंत पाडणं.

गाडी एका गिअरला अडकते ते ती स्वतःला वाचवते म्हणून. त्याला लिंप मोड म्हणतात. बंद-चालू केल्यावर दोन दिवस बरी राहते, ओल्या हवेत सकाळी बिघडते आणि गाडी फारशी निघत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी गिअरबॉक्सकडे बघतसुद्धा नाही. स्टार्टर फिरताना अशक्त बॅटरीचा दाब इतका पडतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला पुरेशी वीज मिळत नाही, आणि तो चुकीची नोंद करून बसतो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या जवळ हवा. १२.२ असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. सुरू करताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा, साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी बदला. मग बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या वायरचे बोल्ट उघडून, घासून, पुन्हा आवळून घ्या. गेल्या श्रावणात अशाच एका गाडीचा गिअरबॉक्सवरचा कनेक्टर मी काढला. रबरी सील एका बाजूने दुमडलेलं होतं, आणि दोन पिनांवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसला हिरवा थर. कनेक्टर साफ केला, सील नवीन बसवलं, गाडी आजही चालते आहे. त्या गृहस्थांनाही बॉक्स उतरवायला सांगितलं होतं.

पुराच्या दिवसांत गाडी पाण्यातून नेली असेल तर मात्र तेही सांगा. बॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत गेलं तर ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं. तसं असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून आणा.

नसेल, तर बॅटरी, अर्थ आणि कनेक्टर एवढंच आधी करून घ्या. त्यानंतरही दिवा लागला, तर गाडी बंद-चालू न करता तशीच हळूहळू शेडवर घेऊन या, म्हणजे नोंद ताजी सापडेल. येताना मीटरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून आणा.